पंपाच्या खोलीवरचं विमान

एका भंगार बसचा पत्रा मी दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकी विमानाचा तुकडा म्हणून इंग्लंडला कळवला. फोटोसकट कळवला, लांबी-रुंदीसकट कळवला, आणि खाली 'निवृत्त इतिहास शिक्षक' अशी सही ठोकली.

असं का केलं, याची चांगली कारणं मी पुष्कळ दिवस लोकांना सांगितली. संशोधनाची ओढ, गावाचा अभिमान वगैरे. खरं कारण एकच होतं, आणि ते पांढरा शर्ट घालून जीपमधून फिरतं. माझा साडू.

आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्याची थोरली, माझी धाकटी. एवढ्या एका योगायोगावर मी चाळीस वर्षं जळतोय. धोंड्याच्या महिन्यात सासूबाई दोन्ही जावयांना तेहतीस-तेहतीस अनारसे वाढायच्या, आणि मला दर वेळी त्याचे मोठे दिसायचे. घरी आल्यावर मी तसं म्हणालो, की बायको म्हणायची, "अहो, एकाच घाण्यातले होते." पण घाणा एक असला म्हणून अनारसे सारखेच होतात असं थोडंच आहे? त्याची केळी दिल्लीला गेली, माझी शेजारच्या रावेरच्या पुढे गेली नाहीत. त्याला आमचा सगळा शनवारा मोहल्ला नमस्कार करतो. मलाही करतो, पण माझ्या हातात उत्तरपत्रिका असायच्या तेव्हा जास्त करायचा.

एक गोष्ट मात्र माझी होती. इतिहास. बत्तीस वर्षं मी तो बुऱ्हाणपुरात शिकवला. साडू दहावीला इतिहासात काठावर पास झालेला माणूस, हे त्यानंच एकदा हसत सांगितलं होतं आणि मी ते जपून ठेवलं होतं. आणि दोन वर्षांपूर्वी इंग्लंडहून इतिहासाबद्दल पत्र आलं ते त्याला.

झालं असं. साडूची आई नव्वदीला टेकलेली. आम्ही सगळे तिला मायच म्हणतो. तिचं माहेर तापीच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी. सात-आठ वर्षांची असताना तिनं तिथं एक विमान पडताना पाहिलं होतं. ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ. त्या विमानाचं एक गोल झाकणही तिच्याकडे होतं, तळहाताएवढं, कडेनं बारीक इंग्रजी अक्षरं असलेलं. पुढच्या पावसाळ्यानंतर ते तिला नाल्यात सापडलं, लग्नात भांड्यांबरोबर सासरी आलं, आणि तेव्हापासून विरजणाच्या गाडग्यावर बसलेलं होतं. साडूच्या सुनेनं एका दुपारी मायची गोष्ट झाकणासकट मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि नेटवर टाकली. तो व्हिडिओ फिरत फिरत इंग्लंडमधल्या एका बाईपर्यंत गेला.

ही बाई पंच्याहत्तरीची. तिचा मामा त्या युद्धात बॉम्बफेकी विमानावर वायरलेसचं काम करणारा, वीस वर्षांचा. लढाईत नाही गेला. सरावाचं उड्डाण होतं. शिकता शिकताच गेला, आणि बरोबरचे सगळेही. घरी तार गेली. त्यानंतर जे कागद मिळाले त्यांत एकाचा दुसऱ्याला मेळ नव्हता. एका कागदावर विमान बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला पडलं, दुसऱ्यावर दक्षिणेला. तिसऱ्या नोंदवहीत तेच विमान अपघातानंतरही दुसऱ्या तळावर उडताना दिसतं, म्हणजे कुणीतरी आकडा चुकवला किंवा पान. मुलांची हाडं पुढे कधीतरी दूरच्या लष्करी दफनभूमीत नेली, पण कुठून उचलली ते कुणी लिहून ठेवलं नाही. बाईची आई, म्हणजे त्या मुलाची बहीण, 'तो नेमका कुठं पडला' हे विचारत विचारत म्हातारी होऊन वारली. आता बाईला एकदा त्या जागेवर उभं राहायचं होतं. बाकी काही नको.

हे पत्र साडूनं मला वाचायला आणून दिलं, कारण इंग्रजी मला येतं. "सर, जरा बघा तर काय लिहिलंय," तो म्हणाला. मी वाचून दाखवलं. माय ऐकत होती. शेवटी पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "अगं माय, त्या पोराला बहीण होती का?"

मला त्या क्षणी वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याआधी मला एका झाकणाचा हेवा वाटला.

पुढच्या महिनाभरात त्या झाकणानं मला छळलं. गावातल्या वर्तमानपत्रात मायचा फोटो आला, शेजारी साडू. शाळेत साडूला भाषणाला बोलावलं. माझ्या शाळेत! तो माइकसमोर उभा राहून म्हणाला, "मला इतिहासातलं काही कळत नाही, पण माझी माय सांगते ते मी सांगतो," आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी बत्तीस वर्षं सनावळ्या सांगितल्या, कुणी टाळी वाजवली नाही. घरी येऊन मी बायकोला म्हटलं, "इतिहासातलं काही कळत नाही म्हणतो, आणि तासभर बोलतो."

"तुम्हाला कळतं, म्हणून तुमच्या तासाला पोरं झोपायची," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात मी तापीपलीकडे आमच्या शेतावर गेलो होतो. मोटर जळाली होती, वायरमन आत काम करत होता, आणि मी बाहेर बसून पंपाच्या खोलीच्या छपराकडे बघत होतो. छपरावर एक अल्युमिनिअमचा पत्रा. वडिलांनी कधीतरी टाकलेला. कडेनं रिबिटांची ओळ, अगदी सरळ, आणि कोपऱ्यात ठोकलेले काही आकडे. मी लहानपणापासून तो बघत होतो. पण त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आलं: आपलं शेत दक्षिणेला. आणि एक कागद दक्षिणेलाच म्हणतो.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला तिथंच थांबायला हवं होतं. पुरावा आधी, निष्कर्ष नंतर, हे मी दर जूनमध्ये फळ्यावर लिहायचो. पण मी शिडी मागवली. लिंबू आणि राख लावून पत्र्याचा वरचा कोपरा घासला, आकडे चकचकीत केले, फोटो काढले. वायरमन म्हणाला, "क्या हुआ सरजी, गळतंय का?" मी म्हटलं, "गळत नाही. सापडलंय."

पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. शब्दकोश घेऊन बसलो होतो. पत्रा, रिबिटं, आकडे, नदीची दिशा. इथवर ठीक होतं. मग मी एक वाक्य वाढवलं: माझ्या वडिलांनी त्या दिवशी शेतातून धूर पाहिला होता. वडील त्या काळात गावातच नव्हते, दूर मामाकडे शाळेला होते. पण वाक्य इंग्रजीत इतकं छान जमलं होतं, की खोडवेना.

तिसऱ्या दिवशी मोबाइलवर, ई-मेलनं उत्तर आलं. बाईंनी लिहिलं होतं, की माझी माहिती दुसऱ्या कागदाशी तंतोतंत जुळते, शिवाय मी इतिहासाचा अभ्यासक आहे. त्या जानेवारीत येणार होत्या, बुऱ्हाणपुरात एकच दिवस. गुडघे दुखतात, दोन ठिकाणी जाणं जमणार नाही. विचार करून त्यांनी माझं शेत निवडलं होतं.

मी ते पत्र छापून घेतलं आणि खिशात घालून थेट साडूकडे गेलो. रिक्षात बसल्या बसल्या सारखा खिसा चाचपत होतो. मावा जिलेबी घेऊन गेलो होतो, यावरून माझी मनःस्थिती लक्षात यावी. पत्र वाचून दाखवताना मी आवाज खाली ठेवला होता, पण तो वर येत होता.

साडू म्हणाला, "अरे वा. सर, बढिया. म्हणजे विमान आपल्याच घराण्यात राहिलं." आणि जिलेबी उचलली. मला जळका चेहरा बघायचा होता. याचं तोंड पाकानं भरलेलं.

मायनं मात्र जिलेबी घेतली नाही. मला म्हणाली, "पाहुणे, मग मी काय पाहिलं होतं हो?"

"माय, त्या काळात विमानं पुष्कळ उडायची," मी म्हणालो. "तुम्ही लहान होता. लांबून काहीतरी दिसलं असेल."

"असंल," ती म्हणाली. पुढच्या वेळी गेलो तेव्हा विरजणाच्या गाडग्यावर साधी ताटली होती. झाकण कुठं गेलं म्हणून मी विचारलं नाही. साडूच्या बायकोनंच सांगितलं, मायनं ते पेटीत टाकलंय. गोष्टही आता कुणाला सांगत नाही. नातवानं हट्ट केला तर म्हणते, मला नीट आठवत नाही.

मी जिंकलो होतो. जिंकल्यावर जेवण गोड लागतं असं ऐकलं होतं. मला त्या दिवशी वरण अळणी लागलं, आणि त्यावरून मी बायकोशी भांडलो.

बाई यायला पाच दिवस उरले तेव्हा मी पत्रा खाली उतरवून घरी आणला. लाकडी चौकटीत बसवून अंगणात ठेवायचा, हार घालायचा, शेजारी मी, असा बेत. पत्र्याच्या आतल्या बाजूला डांबर फासलेलं होतं. ते काढावं म्हणून दुपारी रॉकेलचा बोळा घेऊन बसलो. डांबर सुटायला लागलं. खाली निळा रंग दिसला. मी खूश, म्हटलं, हवाई दलाचा निळा. आणखी घासलं. निळ्यावर पांढरं अक्षर दिसलं. देवनागरी. मग दुसरं. मी घासायचं थांबवायला हवं होतं, पण हात थांबेना. पाच-सहा मिनिटांत ओळ पुरी झाली:

'चलती बस में हाथ व सिर बाहर न निकालें.'

बायको ओसरीत गहू निवडत होती. उठून आली, चष्मा लावला, ओळ वाचली, मग माझ्याकडे बघितलं.

"इंग्रज फार काळजी घ्यायचे हो वैमानिकांची," ती म्हणाली. "तेही हिंदीतून."

मी तिला म्हणालो, की थोडं डांबर परत लावलं तर? बाई एक दिवसासाठी येणार. त्यांना समाधान मिळेल, पुढच्या महिन्यात पत्रा परत छपरावर. कुणाचं काय जातं? हे सगळं मी म्हणालो, आज लिहितानाही लाज वाटते. बायकोनं माझा मोबाइल उचलून माझ्या हातात दिला. "त्या बाईचं शेवटचं पत्र वाचा. मला वाचून दाखवलं होतंत ना? परत वाचा."

शेवटच्या पत्रात बाईंनी लिहिलं होतं, की आईच्या अंगणातली थोडी माती डबीतून आणतेय. आईनं जाण्यापूर्वी तसं सांगितलं होतं. ती माती भाऊ पडला तिथं टाकायची.

मी डोळ्यांसमोर आणून बघितलं. पंपाची खोली, शेजारी खताची रिकामी पोती, केळीच्या सुकलेल्या पानांचा ढीग, आणि त्या ढिगाशी गुडघे धरून वाकलेली एक म्हातारी, हातात डबी. शेजारी मी, हार घातलेल्या बसच्या पत्र्यासकट. मी चप्पल घातली.

साडू मळ्यात होता. घड उतरत होते, गाडी भरत होती. मी त्याला बांधावर बाजूला घेऊन सगळं सांगितलं. पत्रा, डांबर, निळा रंग, ओळ. वडील मामाकडे होते तेही सांगितलं. रस्ताभर मी त्याच्या टोमण्यांची उत्तरं तयार करत आलो होतो. सात-आठ चांगली उत्तरं होती माझ्याकडे.

त्यानं डोक्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं. "चला, आत्ताच कळलं हे बरं झालं. अजून पाच दिवस आहेत. माझ्या जीपमधून नेऊ बाईला, तिकडे रस्ता खराब आहे." मग म्हणाला, "पण मायला मी नाही सांगणार. ते तुम्ही सांगा. चहा घेऊन जा."

एकही टोमणा नाही. माझी सात-आठ उत्तरं फुकट गेली. माफ करण्यातही हा माणूस माझ्यापुढे निघून गेला, आणि खरं सांगतो, चहा पिताना मला त्याचाही हेवा वाटत होता.

मायला सांगितलं तेव्हा ती पाट्यावर चटणी वाटून उठलेली, हात तिखटाचे. ऐकत राहिली. माझं संपल्यावर तिनं एकच विचारलं, "म्हंजे मी पाहिलं ते खरं?"

"खरं, माय."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. मग हात धुता धुता: "पण शिकलेला माणूस नाही म्हणाला की आपण आपल्याच डोळ्यांवर शंका घेतो." आणि सुनेला म्हणाली, "पेटीतून माझं झाकण काढ. दह्यात मुंग्या चालल्यात."

बाईंना लिहायचं राहिलं होतं. पहिल्या खर्ड्यात मी वडिलांवर ढकललं. दुसऱ्यात डांबरावर. बायकोनं दोन्ही वाचून घेतले आणि दोन्ही पुसायला लावले. शेवटी दोन ओळी गेल्या. माझा पत्रा बसचा आहे. माझ्या साडूच्या आईनं सांगितलं ते खरं आहे. पहिली ओळ लगेच झाली. दुसरीला अर्धा तास लागला.

उत्तर संध्याकाळच्या आत आलं. कळवल्याबद्दल आभार, त्यांनी लिहिलं होतं. आमचं घर इतकी वर्षं चुकलेल्या कागदांबरोबर जगलं, त्यात एका चुकलेल्या पत्र्याचं मला फार वाटत नाही. तुम्ही दुभाष्या म्हणून याल का?

मी गेलो. दुभाष्या म्हणून का होईना, जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायला मिळेल असं वाटलं होतं. तिथं माय बसली. मी मागे, बाई आणि दराब्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या रव्याच्या मिठाईच्या, डब्याच्या मध्ये. बाई उंच, पांढऱ्या केसांच्या, हातात ती डबी घट्ट धरलेल्या. रस्ता संपला तिथून थोडं चालायचं होतं. मायनं एका हातात काठी धरली होती आणि दुसऱ्या हातानं बाईचं मनगट. दोघींपैकी कोण कुणाला सावरत होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

नाल्याच्या वर एक उतार होता, तूर उभी होती. माय थांबली. "इथं," म्हणाली. "तेव्हा कापूस होता."

मग ती बोलत गेली आणि मी सांगत गेलो. आवाज आधी आला. विमान वाऱ्यात केळीचं पान हलतं तसं हलत होतं. मग डोंगराआड गेलं असं वाटलं, आणि गेलं नव्हतं. मोठी माणसं धावली, पोरांना मागे ठेवलं. "मी जवळ नाही गेले," माय म्हणाली. "सांगा तिला. मी भ्याले होते. पाणी दिलं, मांडीवर डोकं घेतलं, असं काही नाही. पण माझ्या आईनं धुवून वाळत टाकलेलं लुगडं ओढून नेलं आणि त्यांच्यावर घातलं. हिरवं होतं. तिच्याकडे दोनच होती."

बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं मुलांना सांगितली, आणि प्रत्येक वाक्याला आपलं एक शेपूट जोडलं. या वाक्याला जोडलं नाही. जसं होतं तसं सांगितलं. बाईंनी ते ऐकलं आणि दुसऱ्यांदा सांगायला सांगितलं. मी दुसऱ्यांदा सांगितलं, हिरवा रंगही.

मग त्या वाकल्या आणि माती टाकली. आमच्याकडची काळी आणि त्यांची तांबूस, थोडा वेळ वेगळी दिसली. झाकण त्यांनी हातात घेऊन पाहिलं. व्हिडिओत दिसलेली कडेची अक्षरं त्यांनी आधीच कुणा जाणकाराला दाखवली होती. तसली झाकणं हजारो विमानांना होती, त्यावरून काही सिद्ध होत नाही, असं त्या मला म्हणाल्या. कागद अजून दोन दिशा दाखवतातच. "पण लुगड्याचा रंग कुठल्याच कागदात नाही," त्या म्हणाल्या, आणि झाकण मायच्या हातात परत दिलं. माय त्यांना देत होती. त्यांनी घेतलं नाही. विरजणावर असू दे म्हणाल्या. मग दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. साडू रुमालानं डोळे पुसत होता. आणि मी, सगळ्यांचं बोलणं सगळ्यांना पोचवणारा, तुरीत एकटा उभा होतो. मला पुन्हा हेवा वाटला. कुणाचा, ते नक्की सांगता येत नाही. बहुतेक तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांचाच.

परतताना बाईंनी मला हळूच विचारलं, तो बसचा पत्रा आता कुठं आहे? मी म्हटलं, परत छपरावर. अक्षरं आतल्या बाजूला. त्या हसल्या. पहिल्यांदाच हसल्या.

"काय म्हणते ती?" मायनं पुढून मान वळवून विचारलं.

मी खरं तेच सांगितलं. ती माझ्या पत्र्याची चौकशी करतेय, आणि मी तिला विमान म्हणून कसा कळवला होता ते आठवून हसतेय.

मायनं डोक्यावरचा पदर नीट केला. तिखटाच्या हातांनी ऐकत होती तेव्हा जे बोलली नव्हती, ते बहुतेक तिनं एवढे दिवस जपून ठेवलं होतं.

"पाहुणे," ती म्हणाली, "बत्तीस वर्षं पोरांनाही असंच शिकवलं का हो?"